रत्नकेतूची तहान

उंद्रीहून आत वळणाऱ्या रस्त्यावर एक लहानसे गाव आहे. तेथे चैत्रात भैरोबाची जत्रा भरते आणि जत्रेच्या दुसऱ्या संध्याकाळी, गोवऱ्यांत भाजलेल्या रोडग्यांची पंगत उठल्यावर, देवळासमोरच्या ओट्यावर दरवर्षी तेच एक नाटक होते. त्या नाटकात राजा मरतो. ज्या देशातील नाट्याचार्यांनी रंगभूमीवर मरण दाखवू नये असा दंडक घालून दिला, वियोग कितीही लांबला तरी अखेरीस मीलन आणि त्यानंतर सकलांच्या कल्याणाची प्रार्थना अशी ज्या देशाची नाट्यरीत, त्या देशातील एका खेड्याने आपल्या देवापुढे एका सज्जनाच्या सर्वनाशाची कथा वर्षानुवर्षे का मांडावी, हे सांगणे सोपे नाही. गावाच्या मनात त्या दंडकाची अंधुक आठवण मात्र असावी, कारण तेथे एक रीत निष्ठेने पाळली जाते. ओट्यावर जो ‘मेला’, त्याने आपण होऊन उठायचे नाही. त्याच्या घरच्या बाईने पाण्याचा तांब्या घेऊन वर जायचे, त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची आणि तोंडावरचा रंग पुसण्याआधी दोन घोट पाणी पाजायचे. तेवढे झाले की मरण भैरोबापाशी राहते आणि माणूस घरी येतो.

भगवानरावांना हे पाणी शालूबाई पाजत आल्या होत्या, थेट नवी नवरी होत्या तेव्हापासून. एरवी ‘अहो’ आणि ‘ऐकलं का’ यांवर ज्यांचा अवघा संसार चालला, त्या शालूबाई वर्षातून एवढ्या एकाच वेळी साऱ्या गावादेखत नवऱ्याचे नाव घेत. घेताना लाजत, आणि बायका हसत.

भगवानराव ग्रामपंचायतीचे पाणीवाले. टाकीखालचे वॉल उघडायचे आणि बंद करायचे, आज खालच्या वस्तीची पाळी, उद्या देवळामागच्या गल्लीची, परवा टेकाडावरच्या घरांची, हा त्यांचा नित्यक्रम. लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते पहाटे निघाले की बायका दारातूनच ओळखत की आज कोणाचे रांजण भरणार. उन्हाळ्यात टाकी जेमतेम भरे. कोणी नळाला टिल्लू पंप लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढून घेई. भगवानराव त्याच्या दारात जाऊन नुसते उभे राहत. ओरडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पंपवाला ओशाळून पंप काढी, आणि हे ‘राम राम’ म्हणून पुढे जात. स्वतःच्या घरचा नळ मात्र त्यांनी सदैव सर्वांच्या शेवटी ठेवला. शालूबाई म्हणत, “गावाले पानी पाजनाऱ्याच्या घरचा रांजन पाहा. चिमनीलेबी पुरत नाही.” गाव या नियमाचे कौतुक करी. भगवानराव ते कौतुक ऐकून न ऐकल्यासारखे करीत. ऐकत मात्र असत.

अशा या मनुष्याला नाटकात राजा रत्नकेतू व्हावे लागे, आणि तेथेच सारी अडचण होती.

नाटक कोणा जुन्या गुरुजींनी रचलेले. रत्नकेतूच्या राज्यात अवर्षण पडते. राजा आज्ञा करतो की तलावाचे दार जो पाळीवाचून उघडील, त्याला पाण्याच्या एका थेंबाशिवाय उजाड माळरानापार घालवून देण्यात येईल. दार उघडतो तो त्याचाच पुत्र. तहानेने तडफडणारी गुरे त्याला पाहवत नाहीत. ज्यांच्या वाट्याचे पाणी गेले ते प्रजाजनच हात जोडून म्हणतात, महाराज, आमची तक्रार नाही. प्रधान विनवतो, राणी पदर पसरते. एकेक करून सुटकेचे प्रत्येक दार राजापुढे उघडते, आणि राजा ते आपल्या हाताने लावून घेतो. पुत्र माळावर मरतो. मग रत्नकेतू तलावाच्या बांधावर बसतो, पाण्याला शिवत नाही, आणि तहानेने प्राण सोडतो.

आता गावाला रोज पाणी सोडणारा माणूस ओट्यावर पाण्यावाचून मरू लागला, तर काय व्हावे? एके वर्षी बसस्टँडजवळ पंक्चरचे दुकान चालवणारा मोईज गर्दीतून ओरडला, “वॉल खोला ना, भगवानकाका!” सारी जत्रा हसून लोटपोट झाली. तेव्हापासून तो नाटकाचाच भाग झाला. राजाचा कंठ कोरडा पडला की लोक माना वळवून मोईजकडे बघत, तो उभा राही, ओरडे, आणि रत्नकेतूचे मरण हास्याच्या गदारोळात वाहून जाई. त्यात आणखी मौज अशी, की हा मोईज नाटकाचे दिग्दर्शक रहेमतुल्ला यांचाच धाकटा मुलगा. रहेमतुल्ला व्यवसायाने शिंपी. राजाचा अंगरखा त्यांनीच शिवलेला, पेटीही तेच वाजवत. लेकाची आरोळी आली की ते पेटीचा भाता दाबून धरत आणि मान खाली घालत.

यंदा जत्रेच्या बैठकीत उत्सव मंडळाचा अध्यक्ष गजेंद्र स्पष्टच बोलला.

“चाचा, राग मानू नका. पन राजा मरते अन् लोक हसते, हे काही बरं दिसत नाही. त्यापरीस शेवट बदलून टाकू. राजानं पोराले माफ करावं, आरती व्हावी, लोक खुशीत घरी जावे.”

“अन् मंग नाटकात उरलं काय?” रहेमतुल्लांनी विचारले.

“आनंद उरला ना! लोकाच्या घरी दुःख कमी हाय का, का तुमी जत्रेत आनखी वाढून राह्यले?”

प्रश्न बिनतोड होता. शेवटी असे ठरले की यंदा जुनाच शेवट करावा. लोक पुन्हा हसले तर पुढल्या वर्षापासून रत्नकेतू मुलाला क्षमा करील.

भगवानराव घरी आले ते खिन्न होऊन. रत्नकेतूचे मरण जाणे म्हणजे आपले काहीतरी जाणे, असे त्यांना वाटत होते. पण काय, ते सांगता येत नव्हते. त्यांनी तालमी वाढवल्या. राजा कठोर, म्हणून आवाज चढवला, भुवया ताणल्या, मुठी आवळल्या. “न्यायाच्या तराजूत बापाचे काळीज ठेवायला जागा नाही, प्रधानजी!” हे वाक्य ते इतक्या जोराने म्हणत, की देवळावरचे पारवे उडून जात.

“तुमी असे डोये वटारले का मले हसूच येते,” शालूबाई म्हणाल्या. “मांजर वाघाचं सोंग घेऊन राह्यलं असं वाटते.”

“राजा कडक होता, शालू. त्याले दया नव्हती.”

“मंग तो मेला त मले काऊन वाईट वाटावं?”

त्यांनी पुढची भाकरी थापायला घेतली. अलंकारशास्त्राच्या गाढ अभ्यासकाने ज्या प्रश्नाशी थबकावे, तो त्या भाकरी थापता थापता विचारून गेल्या होत्या. दुष्टाचा नाश हा केवळ न्याय होय. त्याने शोक उपजत नाही. निष्पाप माणसावर वीज कोसळली तर हळहळ वाटते, पण तीही शोकनाट्य नव्हे. मग ते नाट्य कशात असते? भगवानरावांना उत्तर सापडले नाही. ते सापडले चार दिवसांनी, आणि पुस्तकात नव्हे, टाकीखाली.

टेकाडावरच्या शेवटच्या घरात अन्नपूर्णाबाई राहत. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली. बारसे ठरलेले, पाहुणे आलेले, आणि खालच्या लोकांच्या टिल्लू पंपांमुळे त्यांच्या नळाला आदल्या पाळीचे पाणीच चढलेले नव्हते. भर दुपारी भगवानराव जेवून लवंडले असता अन्नपूर्णाबाई रिकामी घागर घेऊन आल्या. शालूबाईंनी एकदा घागरीकडे पाहिले, एकदा झोपलेल्या नवऱ्याकडे. मग खुंटीवरची चावी काढली, टाकीपाशी गेल्या आणि टेकाडाचा वॉल उघडून दिला. उघडणे जमले, पण घट्ट बंद करणे जमले नाही. संध्याकाळपर्यंत टाकी रिती झाली आणि देवळामागच्या गल्लीची दुसऱ्या दिवसाची पाळी बुडाली.

सकाळी टाकीखाली माणसे जमली. शालूबाई स्वतः पुढे येऊन म्हणाल्या, “मी खोलला वॉल. बारशाचं घर होतं.”

मग गजेंद्रच हसून म्हणाला, “जाऊ द्या, काका. आमच्या गल्लीचं काही म्हननं नाही. एक दिवस हापशीचं पानी आनू.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोणाचीही तक्रार उरली नव्हती.

त्या वेळी भगवानरावांच्या छातीत काहीतरी ताठ झाले. त्यांनी स्वतःचाच आवाज ऐकला. तो चढलेला नव्हता, उलट मोठा शांत होता. “नाही. नियम सगळ्याले सारखा. आजपासून आठ दिवस माह्या घरचा नळ बंद.”

“वा! राजा मानूस!” कोणीतरी म्हणाले. दुसरा म्हणाला, “असा मानूस पंचक्रोशीत नाही.” भगवानराव चावी खांद्यावर टाकून निघाले. जिभेवर गुळाचा खडा विरघळावा तसा एक गोडवा त्यांच्या अंगभर पसरत होता.

तो गोडवा हापशीपर्यंत टिकला. तेथे, उन्हात, शालूबाई हापशी मारत होत्या. गुडघे दुखतात म्हणून एक पाय अवघडून धरलेला, पदर डोक्यावरून घसरलेला, घागर अर्धी. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा दांडा दाबला. रोज टोमणा मारणारी ही बाई आज गप्प होती. भगवानराव रस्त्यात थांबले. शिक्षा त्यांनी दिली होती, वाहवा त्यांना मिळाली होती, आणि पाणी मात्र ती वाहत होती.

ते घरी न जाता रहेमतुल्लांच्या दुकानात गेले. रहेमतुल्ला राजाच्या अंगरख्याची उसवलेली बाही शिवत होते.

“चाचा, एक विचारू?”

“पूछ ना.”

“रत्नकेतू पोराले शिक्षा देते, तवा त्याले... बरं वाटते का?”

शिलाई यंत्राचे चाक थांबले. रहेमतुल्लांनी चष्मा कपाळावर चढवला. “बरं वाटते म्हंजे?”

“म्हंजे गोड लागते का? आपुन किती न्यायी, किती सरळ, ह्याचं. मले लागलं आज. लय गोड लागलं. घरच्या बाईले उन्हात उभी केली अन् मले गोड लागलं, चाचा.”

रहेमतुल्लांनी बाही बाजूला ठेवली. “अरे मिया,” ते हळूच म्हणाले, “आपुन त त्याले रागावलेला समजून चाललो होतो.”

“राग नाही त्याले. तो चांगला हाय. लोक त्याले चांगला म्हनते, अन् त्या चांगुलपनाच्या बाहीर त्याले पायच टाकता येत नाही.”

“मंग भुवया कायले तानतो तू?”

“आता नाही तानत.”

दोघेही हसले. मग भगवानराव उठून हापशीकडे गेले, दुसऱ्या खेपेला आलेल्या शालूबाईंच्या हातून दांडा घेतला आणि उरलेली घागर भरली.

“नळ उद्या सोडतो घरचा,” ते म्हणाले. “आठ दिवसाचं मागं घेतलं.”

“अन् गाव काय म्हनन? राजानं शब्द फिरवला म्हनन.”

“म्हनू दे. मी कुठं राजा हाव?”

“देवा,” शालूबाई घागर डोक्यावर चढवत म्हणाल्या, “एवढं समजायले म्हातारे व्हा लागलं का?”

रत्नकेतू आणि भगवानराव यांच्यातील अंतर एवढेच होते. दोघेही न्यायी, दोघांच्याही पुढे दार उघडे, दोघांच्याही मागे प्रजेची वाहवा. परंतु एकाला आपला शब्द गिळता येतो, आणि गिळताना बायकोची थट्टाही सोसता येते. दुसऱ्याला ते येत नाही. ज्या गुणाने मनुष्य उंच झाला, तोच गुण एक पाऊल अधिक पुढे गेला की कडा लागतो, आणि उंचावर उभ्या असलेल्याला मागे सरण्याची सवय नसते. दैव त्याला ढकलीत नाही. तो आपल्या सर्वोत्तम पावलाने चालत जातो. म्हणून त्याच्याकडे पाहताना भय वाटते आणि माया येते, कारण ते पाऊल आपल्याही पायात असते.

जत्रेच्या संध्याकाळी पंगत उठली, पेटीचे सूर लागले आणि पडदा सरकला. न्यायसभेचा प्रवेश आला. तक्रारदारांनी तक्रार मागे घेतली. आता राजा गरजणार म्हणून पुढे बसलेली पोरे कानांवर हात ठेवून तयार होती. भगवानराव गरजले नाहीत. ते किंचित हसले. भोवती पाहिले, जणू सारी सभा आपल्याकडे पाहत आहे ना, याची खात्री करून घेतली. आणि टाकीखाली उमटलेल्या त्याच शांत, मऊ आवाजात म्हणाले, “न्यायाच्या तराजूत... बापाचे काळीज ठेवायला जागा नाही, प्रधानजी.” ‘न्याय’ हा शब्द त्यांनी जिभेवर क्षणभर घोळवला. पुढच्या रांगेतील बायकांची कुजबुज थांबली. गजेंद्र मंडळाच्या खुर्चीवर सावरून बसला. हा आवाज त्याने कुठेतरी ऐकलेला होता.

शेवटचा प्रवेश आला. बांधावर रत्नकेतू एकटा. पुत्राचे वर्तमान येऊन गेलेले. राजाच्या हातून गोडवा सुटून गेला होता आणि तो आता तेथे कोणीतरी ठेवून गेलेल्या वस्तूसारखा बसला होता. समोर तलाव होता, आणि हात पुढे करायला त्याच्यापाशी काही कारण उरले नव्हते. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

जत्रेतल्या माना सवयीने मोईजकडे वळल्या. तो उभा राहिला, कारण उभे राहण्याची त्यालाही सवय होती. तोंड उघडले. ओट्यावरच्या त्या माणसाकडे त्याने पाहिले. मग सगळ्यांना ऐकू गेले ते इतकेच, आणि तेही जणू शेजारच्याला सांगावे तसे.

“पानी द्या ना कोनी त्यायले.”

कोणी हसले नाही. रहेमतुल्लांचा हात भात्यावर तसाच राहिला. या वेळी तो दाबून धरलेला नव्हता, वाजवण्याचे भान उरले नव्हते. रत्नकेतूची मान झुकली.

शालूबाई तांब्या घेऊन ओट्याच्या पायऱ्या चढल्या. नेहमी या वेळी बायका खुसखुसत, पोरे शिट्ट्या मारत. आज सारा गाव बसल्या जागी बसून होता. त्यांनी हाक मारल्यावाचून कोणाला उठता येत नव्हते. त्या नवऱ्यापाशी बसल्या. ओठ उघडले आणि तसेच राहिले. क्षण गेला, दुसरा गेला. अन्नपूर्णाबाई खालून कातर आवाजात म्हणाल्या, “शालू, घे ना वं नाव.”

“भगवान,” शालूबाई म्हणाल्या. आणि मग, लाज सोडून, पुन्हा, “भगवान! उठा.”

भगवानरावांनी डोळे उघडले. दोन घोट घ्यायचे, पण त्यांनी तांब्या रिकामा केला. तेव्हा कुठे गाव हसला. ते हसू निराळे होते. बाळ जागे झाल्यावर घरातली माणसे हसतात, त्या जातीचे.

नाटक संपल्यावर पुढच्या वर्षाचा नारळ दिग्दर्शकाच्या हाती द्यायचा असतो. गजेंद्रने तो रहेमतुल्लांना दिला आणि म्हणाला, “चाचा, शेवट हाये तसाच राहू द्या.” थोडे थांबून त्याने विचारले, “पन एक सांगा. दुःखाचंच नाटक, मंग मले इतकं हलकं काऊन वाटून राह्यलं?”

“मले काय मालूम, बेटा,” रहेमतुल्ला म्हणाले. “मी टेलर हाव.” आणि मोईजकडे वळून, “अन् तू, पुढल्या सालीबी येजो. तुह्याशिवाय राजा मरत नाही.”

घराकडे जाताना भगवानरावांच्या कानामागे रंग तसाच राहिला होता. शालूबाईंनी चालता चालता पदराच्या टोकाने तो पुसला.

“यंदा हाक लय उशिरा मारली तू,” ते म्हणाले.

“मारत होती ना. नावच ध्यानात येईना.”

“एवढ्या वर्साचं नाव?”

“तिथं तुमी होते कुठं?” शालूबाई म्हणाल्या. “पाह्यलं त तो दुसराच कोनी मानूस पडेल होता. मले वाटलं, ह्याले हाक मारू त कोन्त्या नावानं मारू?” रिकामा तांब्या त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. “सकाळी पाळी कोनाची हाये?”

“देवळामागची. मंग आपली.”

“आपली शेवटी नाही?”

“नाही,” भगवानराव म्हणाले. “आपली आपल्या जागी.”